औषध कुठे कुठे पोहोचते?

अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीला बाजाराच्या दिवशी गेलात, तर सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून उतरलेली माणसे भेटतील. भगर, मिरची, कोंबड्या यांची खरेदी-विक्री झाली की काहीजण ग्रामीण रुग्णालयाकडे वळतात. या भागात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत तशा वेदना होतात.

त्यावर हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल दिली जाते. वेदनांचे झटके तिने कमी होतात, मुले शाळेत टिकतात. औषध गुणाचे आहे, यात शंका नाही. पण मुळात ते कर्करोगावरचे औषध. पेशींची वाढ रोखणे हा त्याचा धर्म. रुग्णाला ते मोजून मिळते. पण कॅप्सूल मोजणारी परिचारिका, औषध देणारा फार्मासिस्ट, फरशी पुसणाऱ्या मावशी यांच्या हातांना ते न मोजता लागले तर?

हा प्रश्न जुना आहे. १९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांची लघवी तपासली. पेशींच्या जनुकांत बदल घडवू शकणारे गुण तिच्यात आढळले. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने अशा औषधांबाबत इशारा दिला. त्यासोबतच्या यादीत हायड्रॉक्सीयुरियाही आहे.

मग औषध कुठे सांडले, हे कळायचे कसे? डोळ्यांना तर ते दिसत नाही. त्यासाठी पुसून पाहण्याची चाचणी निघाली. टेबलावर ठरावीक चौकोन आखायचा, समजा दहा सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद. द्रावणात भिजवलेल्या बोळ्याने तो आधी आडवा, मग उभा पुसायचा. बोळा बाटलीत बंद करून थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचा. सोबत न वापरलेला एक कोरा बोळाही जातो, म्हणजे तुलना होते. तिथे बोळ्यातले औषध द्रावणात उतरवतात आणि रेणूंचे वजन ओळखणाऱ्या यंत्रातून तपासतात. हिशेब नॅनोग्रॅममध्ये होतो. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम!

अशा तपासण्यांत औषध नको तिथे सापडले आहे. दाराची मूठ, टेलिफोन, इतकेच काय, कारखान्यातून आलेल्या सीलबंद कुप्यांची बाहेरची बाजूसुद्धा. अमेरिकेच्या औषधसंहितेतले याविषयीचे प्रकरण २०१९ मध्ये अधिकृत झाले. त्यात ही चाचणी एकदा सुरुवातीला आणि मग निदान सहा महिन्यांनी करावी, अशी शिफारस आहे. मात्र ‘इतके चालेल’ अशी सर्वमान्य मर्यादा नाही. शिवाय कोण आजारी पडेल, हे चाचणी सांगत नाही. औषध कुठवर गेले, एवढेच ती सांगते. मग सफाईची पद्धत बदलायची आणि पुन्हा पुसून पाहायचे.

असे महागडे यंत्र प्रत्येक गावी कुठून येणार? पण एक घरगुती प्रयोग करता येतो. औषधे मोजायच्या ताटलीत, फक्त सरावापुरती, चिमूटभर हळद टाका आणि रिकाम्या कॅप्सूल मोजा. अर्ध्या तासाने पाहा. वही, पेन, खुर्ची, पदर, सगळीकडे पिवळी बोटे उमटलेली असतील. औषधही असेच फिरते, फक्त त्याला रंग नसतो. सराव झाला की ताटली स्वच्छ धुवायला मात्र विसरू नका.

उपाय साधे आहेत. हायड्रॉक्सीयुरियासाठी ताटली वेगळी ठेवावी. हातमोजे घालावेत आणि काढल्यावर साबणाने हात धुवावेत. पूड सांडली तर झाडू मारू नये, ओल्या कागदाने टिपून बंद पिशवीत टाकावी. गरोदर बाईने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

घरच्यांसाठीही तेच. लेकराला गिळता येत नाही म्हणून आया कॅप्सूल फोडून पूड पाण्यात कालवतात. तसे करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि हे ऐकून औषध मात्र बंद करू नका. ते लेकराच्या पोटात जायलाच हवे. आईच्या बोटांवर आणि पाळण्याच्या दोरीवर ते राहू नये, एवढेच सांगायचे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)