बाबांचा लेथ



कार्यानुभवाच्या तासाला आम्हा मुलींना शिवणच असायचं, आठवतंय ना? बाबा गेल्यावर त्यांचा लेथ भंगारात निघाला, तेव्हा मी अडून बसले. दिवसभर कोड, रात्री लेथ.

पहिलाच शाफ्ट ०.१ मिमी बारीक झाला. टूल ०.१ आत गेलं की व्यास ०.२ ने घटतो, हे इंजिनिअरबाई विसरल्या! त्यात स्क्रू-नट झिजलेले. हँडल उलटं फिरवलं की पाव फेरा स्लाइड हलतच नाही. म्हणून टूल जास्त आत गेलं तर भरपूर मागे घ्यायचं, मग पुन्हा आत आणायचं. आता मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावलाय. स्लाइड खरी किती सरकली ते कळतं.

परवा ग्रीस पुसताना बाबांचं अक्षर दिसलं : ‘प्ले पाव फेरा’.