एमी वाइनहाउस: टाळ्या आणि हुर्यो

२३ जुलै २०११ रोजी गायिका एमी वाइनहाउस लंडनच्या कॅम्डेनमधल्या घरी मृतावस्थेत सापडली. वय अवघं २७; नावावर पाच ग्रॅमी, तेही २००८ सालच्या एकाच रात्रीत. तिच्या शंभर मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं; तिथं गाडी चालवायला मर्यादा ८०ची. मधे काही काळ तिनं दारू सोडली होती. अशा खंडानंतर शरीराची सवय मोडते आणि पूर्वी पचलेलं प्रमाणही श्वास थांबवू शकतं. महिनाभर आधी बेलग्रेडमध्ये ती मंचावर अडखळली, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तिकिटाचे पैसे मोजले होते ना! जाब विचारायचा, तर तिला त्या अवस्थेत गायला उभं करणाऱ्यांना विचारायचा. त्याच सप्टेंबरात कुटुंबानं तिच्या नावे संस्था काढली. ती व्यसनात अडकलेल्या तरुणांना मदत करते.