आपल्या दाराशी संपणारी नदी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. आठवणी बाकीचे सांगतीलच. मी मिठी नदीबद्दल बोलणार आहे. हसू नका! मागच्या रांगेतून "नदी की नाला?" असं कोणीतरी म्हणालं, ते मला ऐकू आलं आहे.

भूगोलाच्या तासाला आपण गंगेच्या उपनद्या पाठ केल्या, ऱ्हाईन कुठून निघते तेही घोकलं. शाळेतून माहीमच्या खाडीपर्यंत चालत जाता येत होतं, पण तिथे एक नदी समुद्राला मिळते हे कोणत्याच इयत्तेत आलं नाही. बाई, ही तुमची तक्रार नाही, पुस्तकातच नव्हतं.

ही नदी जेमतेम 18 किलोमीटरची. बोरिवलीच्या जंगलातल्या डोंगरात तुळशी तलाव आहे. तो भरला की पाणी विहार तलावात येतं. विहार आणि पवई हे दोन तलाव ओसंडले की ते पाणी एकत्र होऊन मिठी वाहू लागते. मग आरे, मरोळ, विमानतळाची धावपट्टी, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी आणि शेवटी माहीमचा उपसागर. एका रविवारी सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत उगमापासून मुखापर्यंत जाल, अर्थात मधल्या भिंती आणि कुंपणं कोणी ओलांडू दिली तर.

"ओसंडले की" हे शब्द मी मुद्दाम वापरले. विहारचं धरण 1860मध्ये पूर्ण झालं. तोवर मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती आणि पाऊस कमी झाला की शहराच्या तोंडचं पाणी पळायचं. विहारचं पाणी नळातून शहरात आलं. पुढे 1879मध्ये तुळशी झाला, 1890च्या सुमारास पवई झाला. पवईचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही ती गोष्ट वेगळी. म्हणजे गिरगावच्या चाळीत आपल्या पणजोबांनी नळाखाली कळशी लावली, तेव्हा तिच्यात मिठी भरली जात होती. तानसाचं पाणी आलं ते 1892मध्ये, त्यानंतरचं. नदीचं उगमाचं पाणी आपण अडवून प्यायलो आणि पात्र तसंच ठेवलं. पावसाळा संपला की त्या पात्रात वरून काहीच येत नाही. मग उरलेले सात-आठ महिने त्यातून जे वाहतं, ते कारखान्यांचं आणि घराघरांतलं सांडपाणी. त्याचा वास आला की आपण लोकलची खिडकी बंद करतो आणि नदीला नाला म्हणतो.

आता थोडा इतिहास, कारण इतिहासाचे सरही समोर बसले आहेत. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली हद्द म्हणजे ही खाडी. 1737मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली आणि 1774च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेईपर्यंत ती मराठ्यांकडे राहिली. म्हणजे सुमारे सदतीस वर्षं खाडीच्या पलीकडे पेशव्यांचं राज्य होतं आणि अलीकडे कंपनीचं! धारावीच्या बस डेपोचं नाव काळा किल्ला. तो किल्ला खरोखरच आहे, डेपोच्या मागे, वस्तीच्या कुशीत. त्याच्या भिंतीवरच्या इंग्रजी शिळेवर गव्हर्नर जॉन हॉर्न यांचं नाव आणि 1737 हे साल कोरलेलं आहे. साष्टी मराठ्यांच्या हाती गेली, तेच हे साल. शीवचा किल्ला आणि माहीमचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हा तिसरा मात्र इथल्या किती जणांनी पाहिला असेल? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

खाडी ओलांडायला होड्या होत्या. 1845मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्याच्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी यांनी 1,57,000 रुपये दिले. ज्या एल. जे. रोडवरून आपण दप्तर घेऊन जायचो, त्यातल्या "एल. जे."चा उलगडा तो एवढाच. रस्ता झाला, लोकांची सोय झाली, पण खाडीचं तोंड आवळलं गेलं. मग धावपट्टी लांबवायची म्हणून नदीला वळणं दिली आणि तिच्यावरून धावपट्टी नेली. 1977नंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी काठची दलदल भरून काढली. यातलं प्रत्येक काम कोणाच्या तरी सोयीचंच होतं. पण पाण्याला पसरायला जागा कुठे ठेवली?

26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला झाला 73 मिलिमीटर. म्हणून गिरगावात राहणाऱ्या आपल्या मित्रांना त्या संध्याकाळी काही कळलंच नाही. ते घरी भजी खात होते, हे त्यांनीच मला सांगितलं आहे. आपल्या वर्गातला एक जण गिरणी संपानंतर लालबाग सोडून कलिन्याला तळमजल्यावर राहायला गेला होता. त्याच्या घरात पाणी पंख्यापर्यंत चढलं. माणसं शेजाऱ्यांच्या माळ्यावर गेली म्हणून वाचली. कपाट मात्र गेलं आणि त्यात आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटोही गेला. या स्मरणिकेत जो फोटो छापला आहे, तो दुसऱ्याच्या प्रतीवरून घेतलेला आहे. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा तोच. फोटो हातात आल्यावर त्याने आधी मागच्या बाजूला कोणाचं अक्षर आहे ते पाहिलं.

त्यानंतर माधवराव चितळे यांच्या समितीचा अहवाल आला, नदीसाठी प्राधिकरण झालं, पात्र रुंद केलं, काठाला भिंती बांधल्या. गाळ दरवर्षी काढला जातो असं म्हणतात. 2025मध्ये याच गाळाच्या बिलांवरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला, रक्कम सुमारे 65 कोटी. यावर मी काही बोलत नाही, आपल्यातले दोघे महापालिकेतून निवृत्त झाले आहेत आणि जेवण अजून व्हायचं आहे.

जर्मनीत रुहरच्या कोळसापट्ट्यात एम्शर नावाची नदी आहे. शंभर वर्षं तिला उघडं गटार करून ठेवलं होतं. 1992पासून त्यांनी सांडपाण्यासाठी जमिनीखाली वेगळी वाहिनी टाकायला घेतली आणि 2021च्या अखेरीस नदीत सांडपाणी जाणं थांबलं. तीस वर्षं लागली, पैसाही अब्जावधी युरो लागला. भिंतीपेक्षा आधी सांडपाणी वेगळं करायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ते काम सुरू आहे, पण त्याला वेळ लागेल आणि आपल्यातले बरेचसे तोवर नसतील.

एक गोष्ट मात्र आत्ताच पाहण्यासारखी आहे. धारावीला नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा तिथे शहराचा कचरा पडायचा. त्याच कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली आणि 1994मध्ये ते लोकांसाठी उघडलं. कडेला कांदळवन आहे, बगळे येतात.

पुढच्या पावसात, विहार भरल्याची बातमी पेपरात आली की त्यानंतरच्या रविवारी तिथे जमायचं ठरवलं आहे. आतापर्यंत अकरा नावं आली आहेत, वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. आधी काळा किल्ला, मग उद्यान. बाई, तुम्हीही या. डेपोपर्यंत टॅक्सी जाते, पुढे आम्ही आहोत.