चिंधीचे दोन इतिहास

(विहाराच्या वर्धापन दिनी, महिला मंडळाच्या गोधडी शिबिराच्या सुरुवातीला केलेले भाषण)



कार्यक्रम पत्रिकेत आमच्या नावासमोर ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा विषय छापला आहे. तो वाचून मागच्या रांगेतले तरुण जरा हसले. हसू द्या. आम्हालाही आधी वाटलं, आयुष्यभर गेट मीटिंगा केल्या, बोनसवर बोललो, मंडल आयोगावर बोललो, आणि आता गोधडीवर बोलायचं? पण गेल्या महिन्यात बैठकीत शिबिराचं ठरत होतं, तेव्हा आपल्याच वस्तीतली एक एम.ए. शिकणारी मुलगी उठून म्हणाली, “काका, बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं आणि तुम्ही आम्हाला परत चिंध्या शिवायला बसवताय?” बैठक गप्प झाली. आमच्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. ते शोधायला महिना गेला. ते आज तिच्यासमोर आणि तुमच्यासमोर ठेवतो.

तिचं म्हणणं निम्मं नाही, निम्म्याहून जास्त खरं आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावं ते सांगितलं आहे. प्रेतावरचं वस्त्र. ही नुसती पोथीतली गोष्ट नव्हती. गावगाड्यात महाराच्या ‘हक्कां’मध्ये मढ्यावरचं कापड होतं. हक्क म्हणायचं त्याला! जे कापड दुसरा कोणी हातात धरणार नाही ते तुमचं, आणि ते घेतलंत म्हणून तुम्ही नीच. अशी ती पक्की गाठ होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी पोथी जाळली त्यात हे कलमही जळालं, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना वेगळं बसवून काय सांगितलं? की जात ओळखू येईल असं नेसू नका, तसले दागिने घालू नका, अंगावरच्या कपड्याला ठिगळं असली तरी हरकत नाही, पण कपडा स्वच्छ पाहिजे. आमच्या मते या एका वाक्यात सगळं आलं. ठिगळाची लाज नाही, जातीच्या खुणेची चीड आहे.

हा चिंधीचा एक इतिहास झाला. दुसरा इतिहास आपल्याच धम्मात आहे, आणि तो आपण विसरलो.

पंसुकूल हा शब्द भन्तेजींच्या तोंडून तुम्ही ऐकला असेल. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून भिक्खू चीवर करीत. म्हणजे बघा, कापड तेच. तेच मढ्यावरचं. मग फरक कशात? विनयपिटकात जीवक वैद्याची गोष्ट आहे. त्याने भगवंतांना उंची वस्त्राची जोडी दिली आणि विनंती केली की भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रं घेऊ द्यावीत. भगवंतांनी ती मान्य केली आणि सांगितलं, ज्याला पंसुकूल पाहिजे त्याने ते वापरावं, ज्याला गृहस्थाचं दान घ्यायचं त्याने ते घ्यावं. ज्याची त्याची इच्छा. मनूने सक्ती केली, बुद्धाने निवड दिली. चिंधी तीच असून एकीकडे ती बेडी झाली, दुसरीकडे चीवर.

आणि ते चीवर नीट बघितलंत का कधी? अखंड नसतं. तुकड्यांचं असतं. मगधातली भातशेती पाहून भगवंतांनी आनंदाला विचारलं, अशी बांधाबांधांची रचना चीवरात करता येईल का? आनंदाने तशी करून दाखवली. कापून शिवलेलं असल्यामुळे चोरालाही त्याचा मोह पडत नाही, हाही त्यात हिशेब होता.

याच आनंदाची आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडते. कोसंबीच्या राजा उदेनच्या राण्यांनी त्याला पाचशे वस्त्रं दिली. राजाला राग आला, हा श्रमण काय कापडाचं दुकान काढणार? त्याने येऊन विचारलं, एवढ्याचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची अंथरुणं. त्या अंथरुणांचं? पायपुसणी. पायपुसण्यांचं? झटकणी. आणि झटकणी झिजली की कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे दिली! पालीत त्या पायपुसण्याला पादपुंछनी म्हणतात. आपल्या आया ‘पायपुसणं’ म्हणतात. अडीच हजार वर्षांचा शब्द उंबऱ्यात पडलाय आणि आपण त्यावर चपला झाडतो.

आता कोणी म्हणेल, हे तर चरख्यासारखंच झालं, यंत्र सोडा आणि हाताने करा. नाही, मुळीच नाही. आम्ही गिरणीत हयात घालवलेली माणसं. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली. यंत्र माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवतं आणि विचार करायला फुरसत देतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते शंभर टक्के पटतं. वापरायचं कापड गिरणीचंच पाहिजे. गोधडी ही त्याच कापडाची दुसरी पाळी आहे.

गिरणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना कताईखात्यात घेत, पण साचेखात्यात, म्हणजे विणाईला, घेत नसत. धोट्यातला दोरा तुटला की तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या ओठाला लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. सूत आपल्या हातचं चालायचं, दोऱ्याला ओठ चालायचा नाही! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा ज्याला कापड विणू दिलं नाही, त्याच्या लेकीसुना त्याच कापडाच्या जुन्या तुकड्यांतून काय सुंदर वस्तू करीत आल्या, तीही आपली कारागिरी आहे. त्याची कुठे नोंद नाही, एवढंच.

इथे एक कबुली द्यायची आहे. आमच्या आईने शिवलेली एक गोधडी होती. वरच्या बाजूला तिचं हिरवं लुगडं, आत वडिलांची धोतरं. वडील कताईखात्यात होते. चाळीच्या खोलीत आम्ही चार भावंडं त्या एका गोधडीखाली वाढलो. पुढे नव्या इमारतीत घर मिळालं. मुलाला बघायला पाहुणे येणार होते. आम्ही, म्हणजे हेच आम्ही, समतेवर भाषणं करणारे, सकाळी ती गोधडी गोणपाटात गुंडाळून खाली कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवून आलो. दुकानातून फुलाफुलांची रजई आणली. संध्याकाळी आईने विचारलं. आम्ही सांगितलं. ती म्हणाली, “धुतली होती रे परवाच.” दुसरं काही बोलली नाही. खाली जाऊन बघितलं तेव्हा डबा रिकामा होता. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला बैठकीत का आलं नाही, त्याचं कारण हे. लाज तिला नव्हती वाटत, ती सरळ प्रश्न विचारत होती. लाज आम्हाला वाटली होती.

असो. आता कामाचं बोलू. शिवणकाम महिला मंडळाच्या भगिनी दाखवतील, ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. आम्ही कापडाचं सांगतो, ते आम्हाला कळतं.

पहिलं म्हणजे कापड ओळखा. हल्ली घरात सुती कमी आणि पॉलिस्टर जास्त. बोटाला समजलं नाही तर दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरून पेटवा, मुलांना लांब ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, मागे हलकी राख. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि कडक मणी होतो. गोधडीला सुतीच घ्या. पॉलिस्टर घाम शोषत नाही, आत सरकतं आणि पहिल्याच धुण्याला गोळा होऊन बसतं. कापड उजेडासमोर धरून बघा. विरलेला भाग आतल्या थराला, जाड भाग वर. एखादा तुकडा कोरा असेल तर रात्रभर भिजवून वाळवल्याशिवाय वापरू नका, नाहीतर नंतर तो एकटाच आटतो आणि आजूबाजूला चुण्या पडतात. रंग जाणारं कापड त्या भिजवण्यातच कळतं.

मापाचं सोपं गणित. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. तिचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा सहा फूट लांब, आणि पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास. म्हणजे एका माणसाच्या गोधडीचं माप आपोआप आलं. दोन जुन्या साड्यांचे सहा थर आत. तिसऱ्या साडीचा एक तुकडा वर, एक खाली, उरलेल्यातून कडेचा गोट. मुंबईच्या थंडीला हे पुष्कळ झालं. गावी पाठवायची असेल तर थर वाढवा, पण सुई किती पेलते ते बघून. वरच्या थराला एकच कापड न घेता तुकडे जोडायचे असतील तर ते आधी जोडून एकसंध करून घ्या. चीवराची बांधाबांधांची रचना इथे करून बघायला हरकत नाही. आमची तशी इच्छा आहे.

थर जमिनीवर पसरताना दोघींनी कोपरे ओढून धरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. मग मधून बाहेर लांब लांब कच्चे टाके. ते झाल्याशिवाय पक्क्याला हात लावायचा नाही. पक्का धावदोरा मात्र कडेपासून सुरू करून गोल गोल आत यायचं, दोन ओळींत एक बोट अंतर. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. मेणबत्तीवरून एकदा ओढला तर सुळसुळीत जातो. ताणून ओढू नका. गिरणीत ताण जास्त झाला की ताणा तुटतो, इथे गोधडी वाकडी होते. गाठ थरांच्या आत लपवा. आणि सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत गोधडी उचलायची नाही. त्यावर उद्या कोणाचं तरी तान्हं निजणार आहे.

मुलांच्या जुन्या टी-शर्टचं कापड ताणतं, ते गोधडीत चालत नाही. त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, तीन पट्ट्यांची वेणी घाला, आणि वेणी जमिनीवर सपाट ठेवून गोल गुंडाळत टाके घाला. हातात धरून ओढत शिवलं तर पायपुसण्याची वाटी होते. आमची झाली होती. घरचे अजून हसतात.

एकाने सुचवलं की हा गृहोद्योग करू, विकू. विकायला आमचा विरोध नाही. पण युनियनमध्ये काम केलेलं डोकं आहे, म्हणून आधी तासांचा हिशेब विचारतो. एका गोधडीला किती दिवस, किती हात, ते वहीत लिहा. मग भाव ठरवा. शहरात प्रदर्शनांत गोधडी शोभेची म्हणून चांगल्या किमतीला जाते, आणि शिवणारीच्या हातावर त्यातलं किती पडतं ते तुम्हीच विचारून बघा. हिशेब जमेपर्यंत पहिल्या गोधड्या आपल्याच वस्तीतल्या नव्या बाळंतिणींना आणि विहारात वर्षावासाला येणाऱ्या भिक्खूंच्या अंथरुणाला द्याव्यात असं समितीने ठरवलं आहे.

शेवटचा मुद्दा पुरुष मंडळींसाठी. शिबिराच्या यादीत बत्तीस नावं आहेत, एकही पुरुषाचं नाही. आमचंसुद्धा नव्हतं, काल घातलं. धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांच्या चीवराची गोष्ट आहे. उकिरड्यावर मिळालेल्या चिंध्यांचं चीवर शिवायचं होतं. एका टोकाला महाकस्सप बसले, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद. बाकीचे भिक्खू सूत काढत होते. मोग्गल्लान लागेल ते आणून देत फिरत होते. आणि सुईत दोरा ओवून द्यायला स्वतः भगवान बुद्ध बसले होते.

तेव्हा रविवारी सकाळी नऊ वाजता, विहाराच्या हॉलमध्ये. प्रत्येक घरातून एक धुतलेली जुनी सुती साडी किंवा धोतर आणा. सुया, दोरे आणि मेणबत्त्या समिती देईल. चष्मा ज्याचा त्याने आणावा. सुईत दोरा ओवायला आम्ही दारापाशी बसलेले असू, तिथे आणखी चार-पाच जणांना जागा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!