हादरा बसला, की घड्याळ बघा



भांडी वाजली, पत्रे खडखडले, जमिनीखालून गुरगुरल्यासारखा आवाज आला, की गावात पहिला प्रश्न निघतो: भूकंप होता की खाणीतला सुरुंग? दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रात हाच प्रश्न चोवीस तास सोडवला जातो. देशात दीडशेहून अधिक ठिकाणी बसवलेल्या भूकंपमापकांच्या नोंदी तिथे सतत येत असतात.

त्या वाचतात कशा? खडकातून आधी प्राथमिक लहर येते, सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगानं. तिच्यामागून, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगानं, दुय्यम लहर. दोन्हींच्या मध्ये जितके सेकंद जातात त्यांना आठानं गुणलं, की धक्का किती किलोमीटरवर झाला ते ढोबळमानानं कळतं. दहा सेकंद गेले तर 80 किलोमीटर. अशी तीन ठिकाणांहून अंतरं मिळाली, की जागा सापडते.

आता सुरुंगाचं. भूकंपात खडक एकमेकांना घासून सरकतात, म्हणून दुय्यम लहर जोरात उठते. स्फोट मात्र जमिनीला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो. त्याची प्राथमिक लहर ठळक, दुय्यम फिकी. शिवाय खाणीतले सुरुंग बहुधा दिवसा, त्याच त्या जागी आणि अगदी वरच्या थरात उडतात. 1998 साली पोखरणला अणुचाचणी झाली तेव्हा जगभरच्या यंत्रांनी तो स्फोट नोंदवला, आणि लहरींच्या खुणांवरून तो भूकंप नसल्याचं ओळखता आलं.

कोयनेची गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी. 1962 पासून धरणात पाणी साठू लागलं आणि हादरे सुरू झाले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली. पाण्याचा भार वाढला, पाणी भेगांत झिरपलं, आणि खडकांत आधीपासून साठलेला ताण मोकळा झाला. म्हणजे ताण निसर्गाचा, निमित्त माणसाचं. पुढे शास्त्रज्ञांनी तिथे 3 किलोमीटर खोल विंधन घेतलं. मोठ्या धरणाभोवती पाणी भरण्याआधीपासूनच यंत्रं हवीत, याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या विनाशकारी भूकंपाआधी, 1992 च्या पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात, त्या भागाला लहान धक्के बसत होते. आवाज लोकांनी ऐकले होते. जवळपास पुरेशी यंत्रं नव्हती. तरीही लहान धक्क्यांमागून मोठा येतोच असं नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका लागली. लोक थंडीत घराबाहेर झोपले. पण किल्लारीसारखा भूकंप तिथे झाला नाही. अमुक तारखेला भूकंप होणार असा निरोप मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नका. तारीख सांगण्याची विद्या जगात कुणाकडेही नाही.

तुम्ही करायचं ते एवढंच. हादरा थांबून सगळे सुखरूप असल्याची खात्री झाली, की वेळ लिहून ठेवा. टांगलेलं काय हललं, भिंतीला चीर गेली का, आवाज आधी आला की हादरा, हेही लिहा. केंद्राच्या संकेतस्थळावर हे कळवायची सोय आहे. इंटरनेट नसेल तर तलाठ्यांना सांगा, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा. यंत्र जमिनीची हालचाल मोजतं, पण कुठल्या वस्तीत मातीच्या भिंती फुगल्या ते त्याला दिसत नाही. गावाजवळ खाण असेल, तर सुरुंगाच्या वेळा ग्रामपंचायतीत लावून घ्या. त्या वेळेबाहेर, विशेषतः रात्री, हादरा जाणवला, तर सुरुंगच असेल म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी कळवा.