आधी आवाज, मग संगीत

रायपूरहून बोलतोय. घरच्या व्हिडिओला संगीत आणि निवेदन कसं जोडायचं, हा आजचा विषय.

इथल्या अनेक मराठी घरांत तिसरी पिढी आपसात हिंदीतच बोलते. जुन्या लग्नाच्या कॅसेटमधली सगळी माणसं ओळखणारी एखादी आजी नाहीतर काकूच उरलेली असते. तिला व्हिडिओ दाखवा आणि मराठीत बोलू द्या. लिहून देऊ नका. वायरलेसवरचा नियम तेवढा सांगा: वाक्य छोटं, बोलणं सावकाश.

रेकॉर्डिंगपुरता कूलर आणि पंखा बंद. मे महिन्यात जिवावर येतं, पण ती घरघर नंतर नीट निघत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसवा. आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर, जरा बाजूला.

मग शॉटकटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन ट्रॅक वेगळे ठेवा: मूळ आवाज, निवेदन, संगीत. निवेदन चालू असताना संगीत १५ ते २० डेसिबल खाली आणा. मंगलाष्टकं, हाका, हसणं हे मूळ आवाज पुसून त्यावर गाणी चढवू नका. मूळ फाइल वेगळी जपा.

यूट्यूबवर टाकणार असाल तर सिनेमाचं गाणं कंटेंट आयडी बहुधा पकडतंच. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून संगीत घ्या. काही धुनांना श्रेय द्यावं लागतं, ते वर्णनात लिहा.

संगीत पुढच्या वर्षीही मिळेल. आजीचा आवाज मात्र याच सुट्टीत घ्या.

जय हिंद!