माझी पहिली बढती



कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की तो मालकांची पापे वाचून दाखवणार, अशी श्रोत्यांची खात्रीच असते. आज मी माझे स्वतःचे एक पाप सांगणार आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत माझे वडील होते. मी तेरा वर्षांचा, आठवीत. चार महिन्यांत घरातली पितळेची भांडी मोडीत गेली आणि मी कामाला लागलो. पहाटे लालबागच्या चाळींतून पेपर टाकायचे, मग शाळा, आणि संध्याकाळी पाच ते आठ एका किराणा दुकानात पुड्या बांधायच्या. पेपरचे महिना तीस रुपये, दुकानाचे चाळीस. पहिला पगार आईच्या हातावर ठेवला तेव्हा मला कोण अभिमान वाटला! वडील मात्र खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुकानात माझ्याहून थोडा मोठा असा आणखी एक मुलगा होता. एके दिवशी गोडेतेलाची बाटली फुटली. ती मालकाच्याच कोपराचा धक्का लागून पडली होती. पण महिनाअखेर पैसे कापले गेले त्या मुलाचे. त्याने विचारले, "शेठ, माझे का?" मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "तू होतास ना रे इथे? कुणी पाडली?" मी मान खाली घालून पुडी बांधत राहिलो. बाटली फुटली तेव्हा दोन गिऱ्हाइके समोर होती, आणि आताही तीच उभी होती. तीही बोलली नाहीत. मुलाला त्याच संध्याकाळी काढले. त्याचे काम मला मिळाले, आणि वर पंधरा रुपये.

ही माझी पहिली बढती! घरी येऊन मी ती आनंदाने सांगितली. वडिलांनी सगळे विचारून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "संपात आमच्या जागी जो उभा राहतो, त्याला आम्ही काय म्हणतो, ते तुला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कामावर गेलो. घरात पीठ नव्हते. तो मुलगा मला पुन्हा कधी दिसला नाही.

पुढे १९८६ साली बालकामगार कायदा झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे, घरच्या धंद्यातली मदत वगैरे थोडे अपवाद सोडता, बंद झाले. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याची कामे वर्ज्य आहेत. इतर कामे ती करू शकतात, आणि गरजेपोटी करतात. कायदा हवाच. पण कायदा वय मोजतो. बाटली कुणाच्या हातून पडली हे सांगायला माणूस लागतो. तीस वर्षे संघटनेचे काम करताना कुणीही तक्रार घेऊन आला, की मी पहिला प्रश्न विचारतो : "पाहिले कुणी? तो तुझ्या बाजूला उभा राहील का?" संघटना म्हणजे मुळात एवढेच.

श्रोतेहो, आपण सारे कधी ना कधी कुठल्या तरी दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभे असतो. गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाचे ऐकतो. पोराचे ऐकत नाही. तेव्हा दिसले ते बोला. मी बोललो नाही, म्हणून सांगतो.